उंबऱ्यावर रुसलेला मूळपुरुष

आमच्या ओटीवर खुंट्या तीन होत्या आणि त्यातली एकही बाबांची नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मूळपुरुष, तलवार, बुरूज असं बरंच काय काय येणार आहे आणि त्या भरात खुंटीचं राहून जाईल. खरं तर सगळं त्या खुंटीचंच आहे.

पहिली खुंटी आजोबांची. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची काळी टोपी तिथे होती आणि तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती. दुसरी मामाची. तिसरी मामाच्या मुलाची. तो मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि मे महिन्यात यायचा, पण त्याची खुंटी बाकीचं वर्षभर मोकळी, रिझर्वेशन केलेल्या सीटसारखी. बाबा संध्याकाळी ऑफिसातून यायचे, शर्ट काढायचे आणि खिडकीच्या गजाला अडकवायचे. आता मांडवीचं घर म्हणजे समुद्र हाकेवर. एकदा असा वारा सुटला की शर्ट गजांमधून बाहेर गेला तो थेट शेजारच्यांच्या शेवग्यावर. बाबा बनियनवर झाडाखाली, शर्ट वर शेंगांमध्ये, आणि शेजारीण गॅलरीतून विचारतेय की आज धुणं इतक्या उंचावर का. मामा तर पोट धरून हसला. मीही हसले. पण आई हसली नाही, आणि काठी घेऊन शर्ट काढायला तीच गेली.

बाबा घरजावई. घर आईच्या माहेरचं. बाबा कोल्हापूरकडचे, ऑफिसच्या बदलीने रत्नागिरीला आले आणि आमच्याच पडवीलगतच्या खोलीत भाड्याने राहायला लागले. मग आईशी लग्न ठरलं तेव्हा आजोबांनी एकच अट घातली, की मुलगी घाट चढणार नाही. बाबा म्हणाले बरं. मामाच्या मते त्या लग्नाने फरक एवढाच पडला की भाडं यायचं बंद झालं. मामा बाबांना जावईबापू म्हणायचा, पण असं म्हणायचा की ऐकणाऱ्याला कळावं बापू वगैरे काही नाही. ताटात बांगडा आला आणि बाबा काटे काढत बसले की हा म्हणणार, सावकाश, घाटावर माशांना काटे नसतात. बाबा नुसते हसायचे. मामा वाईट होता असं नाही हं. मला सायकल त्याने शिकवली, बाबांना ताप आला की रात्री डॉक्टरला उठवायला तोच जायचा. पण तो या घराचा, आणि बाबा या घरातले. त्याला ते दिवसातून एकदा तरी सांगितल्याशिवाय करमायचं नाही.

मामा शाळेत भूगोल शिकवायचा आणि त्याचा सगळा जीव इतिहासात. पूर्वी संध्याकाळी आळीतली माणसं आमच्या पडवीत त्याचा इतिहास ऐकायला बसायची. त्या वर्षी समोरच्यांकडे रंगीत टीव्ही आला आणि पडवी रिकामी झाली. मामाने हे फार मनाला लावून घेतलं. तेव्हाच माझी बारावीची परीक्षा संपलेली, बाजारातल्या एका माडीवर मी मराठी टायपिंगच्या क्लासला जात होते, आणि खोटं कशाला सांगू, माझा हात भयंकर चालायचा. मास्तर म्हणायचे, मशीनला श्वास तरी घेऊ दे. एक दिवस मामाने मला समोर बसवलं आणि म्हणाला की आपल्या घराण्याचा इतिहास टाईप करायचा, कार्बन लावून प्रती काढायच्या, आणि वैशाखात उंबऱ्याला मुंबईकर आले की प्रत्येक घराला एकेक द्यायची. मी आनंदाने इतकी उडाले की त्या रात्री जेवलेच नाही नीट.

उंबरा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या एकट्या घरात होतं हे, बाकी कुठे पाहिलं नाही. वैशाखात सगळी भावकी जमते. त्या दिवशी घरातला कर्ता पुरुष मागच्या दाराने बाहेर पडतो, विहिरीवरून वळसा घालून पुढच्या अंगणात येतो. म्हणजे मामा; त्याचं लग्न झालं तेव्हाच आजोबांनी हा मान त्याला देऊन टाकला होता. डोक्याला फेटा, हातात लाकडी तलवार, तिला चंदेरी रंग. उंबऱ्याच्या आत पितळी तपेली ठेवलेली, तांदळाने शिगोशीग भरलेली. घरातली मोठी बाई, म्हणजे मामी, त्याचे पाय धुते, ओवाळते आणि विचारते, राहाल ना? तो तोंड फिरवून म्हणतो, बघू. ती परत विचारते, राहाल ना? परत बघू. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, राहतो, आणि उजव्या पायाने तपेली पाडून आत येतो. तांदूळ ओटीभर, पोरं टाळ्या पिटतात, मामी त्याला नवं धोतर आणि नारळ देते. मग आमरस.

मामाचा इतिहास असा होता. आपला मूळपुरुष आरमारातला सरदार. मोठी लढाई मारून घरी परत आला, तोच हा प्रसंग. तपेली म्हणजे शत्रूचा बुरूज. बघू म्हणतो कारण मोहिमेचं बोलावणं कधीही येईल, शब्द कसा देणार. धोतर म्हणजे मानाचा पोशाख. मी लहानपणापासून हेच ऐकलेलं आणि पूर्ण विश्वास. पाच वर्षांची असताना मी शेजारच्यांच्या अंगणातला पाण्याचा हंडा बुरूज म्हणून पाडला होता, त्याचा मार अजून आठवतो.

तर मी कामाला लागले. वही घेतली, पेन्सिलीला टोक काढलं आणि रक्ताच्या प्रत्येक माणसाला विचारायला निघाले. आईला विचारलं. ती म्हणाली, सरदाराचं जहाज होतं. मामाच्या चुलतभावाकडे गेले, तिथे जहाजं तीन झाली. खालच्या आळीत आईची म्हातारी आत्या राहायची, तिने तर सरदाराच्या मिशांवर दोन्ही बाजूंना लिंबू ठेवलं. मी भराभर लिहून घेत होते. मग तिला विचारलं की लढाईच्या आधी तो राहायचा कुठे, त्याचं गाव कुठलं, आईवडील कोण. आत्या म्हणाली, लढाईत राहायचा गो, लढाईत.

हे मला जरा खटकलं, पण इतकंच. कारण रोज संध्याकाळी क्लासला जाऊन टाईप करण्यात एवढी मजा येत होती. बुरूज पाडण्याचा परिच्छेद तर मी चार वेळा केला, प्रत्येक वेळी एखादी तोफ वाढवून.

आणि मग एप्रिलमध्ये शेवग्यावाल्या शेजाऱ्यांच्या मुलाचं लग्न झालं. वरात घरी आली तेव्हा मी क्लासमधून परत येत होते, तशीच गर्दीत घुसले. नवी नवरी उंबऱ्याशी उभी. माप भरून ठेवलेलं. तिने साडी जरा वर धरली, उजवा पाय पुढे केला आणि माप पाडलं. तांदूळ आत सांडले. हे मी शंभर लग्नांत पाहिलेलं. पण अर्ध्या तासापूर्वीच माझ्या बोटांनी टाईप केलं होतं, सरदारांनी उजव्या पायाने बुरूज पाडला. बोटं अजून गरम होती. मी तिथेच उभी राहिले, कोणीतरी अंगावर अक्षता टाकल्या, त्या केसांतून काढायचंही सुचलं नाही.

घरी आले तर मामी मागच्या पडवीत विळीवर फणस चिरत बसली होती, हातांना तेल लावून. मी विचारलं, "मामी, नवरी माप पाडते तसंच मामा तपेली पाडतो ना?"

तिने मान वर केली नाही. "तुला आता कळलं होय गो?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मी माप पाडून या घरात आले ती फाल्गुनात. वैशाखात बघते तर नवरा तेच करतोय. म्हटलं, ह्याला कोण सासरी आणतंय?"

मी तिच्यासमोर बसकण मारली. मामीने चीक बाजूला काढला, आणि अगदी सावकाश, जणू काही भाजीची कृती सांगतेय अशा थाटात सांगायला लागली. ज्याचं घर असतं त्याला कोणी विचारतं का, राहाल ना म्हणून? दुसरीकडून येतो त्याला विचारतात. उंबऱ्यावर रुसायचा मान कोणाचा? जावयाचा. धोतर आणि नारळ कोणाला? जावयाला. घर होतं एका बाईचं, एकुलत्या एका मुलीचं, आणि हा गडी बोचकं घेऊन आला आणि राहिला. मामीला हे तिच्या सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने. लग्न करून या घरात आलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. इथे जन्मलेल्या एकालाही नव्हतं.

मी म्हटलं, आणि तलवार? तर ती म्हणाली, तलवार तुझ्या आजोबांनी आणली, त्याआधी हातात छत्री असायची.

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलं? तू वही घेऊन सगळी रत्नागिरी फिरलीस. माझ्याकडे आलीस ती चहा मागायला."

मी उठले आणि पळत सुटले, पायांत चपलासुद्धा दोन वेगवेगळ्या. बाबा रोज संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर फेरी मारायचे. टोकाला उभे होते, दाणे खात. मी लांबूनच ओरडले की बाबा, आपला मूळपुरुष घरजावई होता.

"हळू बोल," बाबा म्हणाले, "वाऱ्यावर लांब ऐकू जातं."

त्यांनाही माहीत होतं. म्हणजे कमाल झाली. अख्ख्या घरात मीच एकटी संशोधन करणारी आणि मलाच माहीत नाही. बाबांनी पुडी माझ्यापुढे धरली आणि सांगितलं की पहिल्या दिवाळसणाला त्यांनाही असंच धोतर आणि नारळ मिळाला होता, आणि आजोबांनी स्वतः विचारलं होतं, राहाल ना. पुढच्या वैशाखात मामाला फेटा बांधून तेच करताना पाहिलं आणि हसू आवरेना म्हणून ते विहिरीमागे जाऊन उभे राहिले.

"तुम्ही काय म्हणाला होता आजोबांना?"

"लगेच राहतो म्हणालो. तिथेच चुकलं. दोनदा बघू म्हणायला हवं होतं."

मला राग आला. इतकी वर्षं मामा घरजावई म्हणून चिडवतो आणि तुम्ही हे पोटात ठेवून बांगड्याचे काटे काढत बसता? एकदा नुसतं बोलला असतात तर त्याची बोलती बंद झाली असती. बाबा समुद्राकडे बघत होते. म्हणाले, "त्याचा सरदार काढून घेऊन मी काय करू? ठेवू कुठे? माझ्याकडे खुंटीपण नाही."

हसत म्हणाले. पण मी हसले नाही त्या वेळी. शेवग्यावरचा शर्ट आठवला आणि काठी घेऊन गेलेली आई.

मी कोणाला सांगणार नाही असं ठरवलं आणि ते रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं. मामाने नेहमीप्रमाणे वाढून घेताना म्हटलं की जावईबापूंना मधला तुकडा द्या, पाहुणा माणूस. आणि माझ्या तोंडातून सगळं धडाधड बाहेर आलं, माप, तपेली, छत्री, बोचकं, सगळं. मामाचा हात ताटातच राहिला. त्याने विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, तूच. दरवर्षी. मग त्याने मामीकडे पाहिलं. मामी सोलकढी ढवळत होती, फार मन लावून. आईकडे पाहिलं, तर आई माझ्याइतकीच थक्क. शेवटी बाबांकडे पाहिलं आणि बाबा म्हणाले, आज आमटी छान झालीये.

त्यानंतर मामा रुसला. पडवीत तोंड फिरवून बसायचा, जेवायला बोलावलं की म्हणायचा, बघू. मामी आत येऊन पदर तोंडात कोंबायची. मला तर नवं संशोधन केल्यासारखं झालं, की मूळपुरुषाकडून आमच्यात काय उतरलं असेल तर हेच. पण गंमत बाजूला, मला भीतीही वाटत होती. मुंबईकर चार दिवसांवर आले होते, त्यांच्यासमोर मामा काय करणार? आणि जर त्याने बाबांवर राग धरला तर? बाबांचा शर्ट गजावर तरी राहील की नाही?

उंबऱ्याच्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत दात घासत होते. मामा आंब्यावर चढून डहाळी काढत होता, तोरणाला. झरझर उतरला. मग ओटीवर गेला, सगळे मुंबईकर चहा पीत बसलेले, आणि गुडघ्याला हात लावून जाहीर केलं की यंदा पाय फार धरलाय, विहिरीपर्यंत चालवत नाही. जावईबापू, तुम्ही उभे राहा.

मुंबईच्या एका काकांनी विचारलं, जावयाने कसं चालेल? मामा म्हणाला, "चालतं. आमच्याकडे तशी पद्धत आहे." आणि गुडघा चोळत आत गेला, लंगडत, पण घाईत चुकीच्या पायाने.

बाबा मागच्या दाराने बाहेर पडले. फेटा सैल होता, मामाच्या डोक्याच्या मापाचा. मामाने तलवार पुढे केली तर म्हणाले, छत्री द्या. विहिरीवरून वळसा घालून ते पुढच्या अंगणात आले, ऑफिसला निघाल्यासारखे, छत्री काखेत. मी दारातच. आई तपेलीशी, डोळे पुसत आणि मला दाखवत की धूर लागला. कुठलाही धूर नव्हता.

मामीने पाय धुतले, ओवाळलं. "राहाल ना?"

"बघू."

"राहाल ना?"

"बघू," बाबा म्हणाले, आणि या वेळी त्यांनी तोंड असं काही फिरवलं की मामासुद्धा इतक्या वर्षांत तसं फिरवू शकला नव्हता.

मामीने तिसऱ्यांदा विचारलं. मुलं टाळ्या वाजवायला हात वर करून उभी. मामा दाराआडून कुजबुजला की म्हणा, राहतो म्हणा. बाबा छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक खुंटी मिळाली तर."

मामी खाली बघायला लागली, तिचे खांदे हलत होते. मुंबईकरांना वाटलं हाही विधीचाच भाग, ते पुढे सरकून ऐकायला लागले. मामा दाराबाहेर आला, गुडघा विसरून.

"कुठे हवी?"

"टोपीच्या शेजारी."

"बरं. आधी आत या, मग ठोकू."

"आधी ठोका," बाबा म्हणाले.

मला वाटलं आता संपलं. मामा बाबांकडे बघत उभा, बाबा मामाकडे. मग मामा वळला, माळ्यावरून हातोडी काढली आणि एवढा मोठा खिळा शोधून आणला. खुंट्यांच्या फळीवर आजोबांच्या टोपीच्या शेजारी जागा होती, इतकी वर्षं होतीच. त्याने ठोकायला सुरुवात केली. जुनं लाकूड, फणसाचं, खिळा आत जाईना. मामा घामाघूम, तोंडाने काहीतरी पुटपुटतोय, बाहेर बाबा ऊन खात उभे, पाय धुतलेले वाळून गेले. एकदा मामाने हातोडी बोटावर मारून घेतली तेव्हा बाबा म्हणाले, सावकाश, कोकणात लाकडाला गाठी असतात. मामाने मागे वळून पाहिलं आणि फस्सकन हसला, आणि त्याच फटक्यात खिळा वाकला. वाकला तो वाकलाच, खाली तोंड करून.

"राहतो," बाबा म्हणाले आणि तपेली पाडली. जोरात पाडली हं. तांदूळ माझ्या झग्यात सापडले रात्री.

माझ्या कार्बनच्या प्रतींचं म्हणाल तर सगळा इतिहास मी पुन्हा टाईप केला, तोफा काढून. मामाने एकेक ओळ तपासली आणि सगळं मान्य केलं. फक्त शेवटी एक वाक्य त्याने घालायला लावलंच, की मूळपुरुष जावई म्हणून आले हे खरं, परंतु येताना तलवार घेऊन आले असावेत. मी म्हटलं पुरावा काय. तो म्हणाला, असावेत म्हटलंय.

खिळा अजून तसाच आहे. बाबा संध्याकाळी येतात, शर्ट अडकवतात, आणि तो हळूहळू घसरून जमिनीवर पडतो. बाबा उचलतात, परत अडकवतात. मी दोनदा हातोडी घेऊन सरळ करायला गेले तर बाबांनी हात धरला. म्हणाले, असू दे, तुझ्या मामाने ठोकलाय. आणि मामा जाता येता पडलेला शर्ट उचलून पुन्हा लावतो, आणि म्हणतो, जावईबापू, नीट अडकवत जा, घाटावर खुंट्या नसतात वाटतं.